पिकअप, हवा आणि एक तापलेली तार

हडपसरहून सासवडकडे निघालेला रस्ता फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी ही गावे मागे टाकून दिवे घाटाला लागतो. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच घाटाने वर चढते. एरवी वर्षभर या घाटात वर्दळ असते ती मालवाहू गाड्यांची. पुरंदरचे अंजीर, सीताफळ आणि भाजीपाला घेऊन पिकअप गाड्या पहाटे खाली उतरतात, आणि खताची पोती, किराणा, सिमेंट असे काहीबाही भरून दुपारी पुन्हा वर जातात.

अशीच एक पिकअप हडपसरच्या एका गॅरेजमध्ये उभी होती. ड्रायव्हरची तक्रार अशी : "मिस्त्री, रिकामी गाडी नीट पळते. भरली की घाटात ओढतच नाही. धूर म्हणावा तर तोही नाही." मिस्त्रींनी एअर फिल्टरच्या पुढच्या नळीत बसवलेला, अंगठ्याएवढा प्लॅस्टिकचा एक तुकडा दोन स्क्रू काढून बाहेर घेतला. आतल्या चिमुकल्या पट्टीवर काळपट थर होता. त्यांनी पेट्रोलात बुडवलेल्या चिंधीने तो चोळून पुसला आणि सेन्सर परत बसवला. गाडी सुरू झाली, पण आता तिची अवस्था पूर्वीपेक्षाही वाईट होती. स्कॅनर लावल्यावर कळले की सेन्सर निकामी झाला आहे. नवा सेन्सर मिळवून बसवेपर्यंत दोन दिवस गेले आणि ड्रायव्हरच्या दोन खेपा बुडाल्या.

मिस्त्री चिडले होते. आयुष्य डिझेल इंजिनावर गेलेला तो अनुभवी माणूस आम्हाला म्हणाला, "सर, मॅटॅडोरला हे असलं काही नव्हतं. ती चढतच होती ना घाट? मग आताच्या इंजिनाला हवा मोजायची गरज कशाला पडली?"

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आपल्याला सुमारे सव्वाशे वर्षे मागे जावे लागते.

हवा न मोजणारे इंजिन

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला आपल्या इंजिनाचे पेटंट १८९३ साली मिळाले. चार वर्षांनी, १८९७ मध्ये, आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची रीतसर चाचणी झाली. इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा प्रत्यक्ष कामात उतरते असे तीत आढळले. त्या काळची वाफेची उत्तम यंत्रेही याच्या बरीच मागे होती.

डिझेलची कल्पना थोडक्यात अशी. सिलिंडरमध्ये आधी नुसती हवा घ्यायची. ती इतकी दाबायची की दाबानेच ती तापून लाल होण्याच्या बेताची व्हावी, आणि मग त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडायचा. इंधन आपोआप पेट घेते, ठिणगीची जरूर नाही. डिझेलच्या पहिल्या इंजिनात हा फवारा मारण्यासाठी दाबलेल्या हवेचा वेगळा पंप लागे, त्यामुळे इंजिन अवजड होई. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२७ साली इंधनाचा आटोपशीर पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली, त्यामुळे ट्रकमध्ये डिझेल इंजिनाचा प्रसार व्हायला मोठी मदत झाली.

पेट्रोल इंजिनाचे गणित निराळे आहे. तिथे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठरावीक प्रमाणातच असावे लागते. साधारण १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा. प्रमाण फार बिघडले तर ठिणगी पडूनही मिश्रण नीट जळत नाही. म्हणून पेट्रोल इंजिनाला सुरुवातीपासून कार्ब्युरेटर होता, आणि कार्ब्युरेटर म्हणजे हवेच्या ओघाप्रमाणे पेट्रोल ओढून घेणारे, हवा मोजण्याचेच एक ओबडधोबड साधन.

डिझेल इंजिनात मात्र हवेच्या वाटेत अडसर नसे. प्रत्येक खेपेला सिलिंडरभर हवा आत यायची. ताकद कमी-जास्त करायची ती फक्त इंधन कमी-जास्त करून. हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असल्यामुळे ती मोजण्याचे कारण नव्हते. इंधन फाजील झाले तर काळा धूर निघे. न जळलेल्या कार्बनची ती काजळी. ती दिसली की मिस्त्री पंपाचा स्क्रू थोडा फिरवत. इंजिनाचा हवामापक म्हणजे मिस्त्रींचे डोळे आणि कान.

महाराष्ट्रात हे ज्ञान खोलवर रुजले. पुण्यात खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, आणि तिची इंजिने गावोगावच्या विहिरींवर पाणी उपसू लागली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोने जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने वाहने बनवली. त्या नावावरून कुठल्याही छोट्या मालगाडीला 'टेम्पो' म्हणण्याची सवय आपल्याला लागली ती आजतागायत. टेल्कोने १९८८ साली पुण्यातून 'टाटामोबाइल' ही पिकअप बाजारात आणली. मायको या कंपनीची सुरुवात १९५१ साली बंगळूरला झाली, आणि पुढे तिचा इंधनाची नॉझल बनवणारा कारखाना नाशिकला आला. पंप आणि नॉझल ही दोन नावे डिझेल मिस्त्रींच्या तोंडी अशी बसली की इंजिनाचे दुखणे म्हणजे या दोहोंपैकी एकाचे दुखणे, हे जणू ठरूनच गेले.

तार, वारा आणि वर्गमूळ

आता वेगळ्याच वाटेने आलेली एक गोष्ट पाहू. वाऱ्याची झुळूक आली की कढत चहा लवकर निवतो, हे सर्वांनाच माहीत आहे. पण वाऱ्याचा वेग आणि निवण्याचा वेग यांचे नेमके नाते काय?

कॅनडातील माँट्रियल शहरी मॅकगिल विद्यापीठात काम करणाऱ्या लुई किंग या भौतिकशास्त्रज्ञाने १९१४ साली हे नाते प्रसिद्ध केले. विजेने तापवलेली बारीक तार वाऱ्याच्या झोतात धरली तर तिच्यातून जाणाऱ्या उष्णतेचे दोन भाग पडतात. एक भाग वारा नसतानाही जातो. दुसरा भाग वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वारा चौपट झाला तर हा दुसरा भाग दुप्पट होतो. तेव्हा तार ठरावीक तापमानाला ठेवण्यासाठी किती वीज लागते ते मोजले की वारा किती आहे ते कळते. वीज मोजण्याचे साधन आधीच तयार होते. सॅम्युएल ख्रिस्टी याने १८३३ साली मांडलेला आणि व्हीटस्टनच्या नावाने प्रसिद्ध झालेला विरोधांचा सेतू आपण अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत हाताळतोच.

मोटारीत ही तार यायला १९८० चे दशक उजाडावे लागले. त्याआधी १९७० च्या दशकात बॉश कंपनीने पेट्रोल इंजिनासाठी झडपेचा हवामापक आणला होता. हवेच्या ओघाने झडप जितकी उघडेल तितकी हवा, असा त्याचा हिशोब. पण झडप मोजते ते हवेचे आकारमान, आणि ज्वलनासाठी महत्त्वाचे असते ते वस्तुमान. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथली एक लीटर हवा मुंबईच्या एक लीटर हवेपेक्षा साधारण सहा टक्के हलकी भरते. तापलेल्या तारेचा फायदा असा, की हवा विरळ झाली तर ती उष्णताही कमी नेते. त्यामुळे तारेला थेट वस्तुमानच कळते, उंचीचा हिशोब वेगळा करावा लागत नाही.

पहिल्या हवामापकांतील प्लॅटिनमची तार सुमारे ०.०७ मि.मी. जाडीची होती, आणि ती हवेपेक्षा सुमारे १०० अंश जास्त तापमानाला ठेवली जाई. तारेवर धूळ बसते हे तेव्हाच लक्षात आले होते. म्हणून इंजिन बंद केल्यावर ती तार क्षणभर सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मळ जाळून टाकण्याची सोय केलेली असे. सेन्सर स्वतःला स्वच्छ करी! पुढे तारेच्या जागी धातूचा पातळ थर दिलेली पट्टी आली, आणि १९९० च्या दशकात सिलिकॉनचा अतिशय पातळ पापुद्रा आला. पापुद्रा जाळून साफ करता येत नाही. त्याऐवजी हवेची वाट अशी वळवलेली असते, की जड धूळकण आपल्या जडत्वाने सरळ पुढे निघून जावेत. बरेचसे जातात, सगळे नाही.

डिझेलने हवा का मोजली?

इथवर ही सारी कथा पेट्रोल इंजिनाची. डिझेलला हवा मोजणे भाग पडले ते घाट चढण्यासाठी नव्हे.

१९५० च्या सुमारास अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके पसरत असे. आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले, की गाड्यांतून व कारखान्यांतून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे सूर्यप्रकाशात एकत्र आली की ओझोन तयार होतो, आणि हा त्रास त्यातूनच उद्भवतो. यातील नायट्रोजन इंधनातून येत नाही. हवेत ७८ टक्के असलेला, एरवी निरुपद्रवी, नायट्रोजनच सिलिंडरमधील प्रचंड तापमानाला ऑक्सिजनशी संयोग पावतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच याने १९४० च्या दशकात ही अभिक्रिया उलगडली होती. तापमान वाढेल तसा तिचा वेग झपाट्याने वाढतो.

इथे डिझेल इंजिनाचा गुण त्याचा दोष ठरतो. भरपूर हवा आणि भरपूर तापमान यांमुळे ते कमी इंधनात जास्त काम देते, पण त्यांच्यामुळेच नायट्रोजनची ऑक्साइडेही जास्त बनतात. उपाय निघाला तो वरवर पाहता विचित्र : बाहेर टाकलेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा आत घ्यायचा. या वापरलेल्या वायूत ऑक्सिजन कमी असतो, ज्वाला थोडी निवते, ऑक्साइडे घटतात. या व्यवस्थेला गॅरेजच्या भाषेत 'ईजीआर' म्हणतात. पण धूर किती आत घ्यायचा? कमी घेतला तर ऑक्साइडे वाढतात, फाजील घेतला तर हवा अपुरी पडून काजळी होते. हा तोल सांभाळायचा तर ताजी हवा किती आली हे प्रत्येक क्षणी कळायला हवे. म्हणून डिझेल इंजिनात हवामापक आला.

आपल्याकडे डिझेल वाहनांच्या धुरावर मर्यादा १९९२ साली आल्या. २००० साली 'इंडिया २०००' हे मानक आले आणि त्यानंतर भारत स्टेजचे टप्पे. चौथा टप्पा एप्रिल २०१० मध्ये राजधानी क्षेत्रात आणि १३ शहरांत लागू झाला. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. म्हणजे हडपसरवरून जाणाऱ्या सोलापूर रस्त्याच्या दोन्ही टोकांना चौथा टप्पा आणि मधल्या गावांना तिसरा, अशी स्थिती एप्रिल २०१७ पर्यंत होती. तिसऱ्या टप्प्याच्या डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत ३५० भागांपर्यंत चाले, चौथ्यात ५०, आणि एप्रिल २०२० मध्ये देशभर आलेल्या सहाव्या टप्प्यात १०. प्रत्येक टप्प्याबरोबर पिकअपच्या बॉनेटखालची सेन्सरांची संख्या वाढत गेली. गाडी नियमात बसते की नाही याच्या चाचण्या करणारी एक प्रमुख संस्था, १९६६ साली स्थापन झालेली 'एआरएआय', पुण्यातच आहे.

मळलेला सेन्सर काय सांगतो?

आता गॅरेजमधल्या गाडीकडे परत येऊ. पट्टीवर धुळीचा आणि तेलाचा थर बसला की त्याने जणू गोधडी पांघरली. आतली उष्णता हवेला सहज मिळत नाही. तेव्हा हवा तितकीच असूनही सेन्सर म्हणतो, 'हवा कमी आली'. आणि किंगच्या नियमाने ही चूक मोठी होते. वाऱ्यामुळे जाणारी उष्णता वेगाच्या वर्गमूळाप्रमाणे बदलते, म्हणून उष्णतेवरून वेग काढताना वर्ग करावा लागतो. उष्णता १० टक्क्यांनी घटून ०.९ पट झाली, तर वेगाचे उत्तर ०.९ × ०.९ म्हणजे ०.८१ पट येते. दहा टक्क्यांच्या मळातून एकोणीस टक्क्यांची चूक!

इंजिनाचा संगणक या आकड्यावर विश्वास ठेवतो. हवा कमी आहे, तेव्हा काळा धूर होऊ नये म्हणून तो इंधन आखडता घेतो. भरलेली गाडी घाटात ओढत नाही ती यामुळे, आणि धूर दिसत नाही तोही यामुळेच. दुसरीकडे, सपाटीवर हलक्या भाराने चालताना, ताजी हवा कमी पडते आहे असे समजून संगणक ईजीआरची झडप आवळतो. मग नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ती मात्र धुरासारखी डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्याकडे पीयूसीच्या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, ही ऑक्साइडे मोजत नाहीत. म्हणजे गाडी प्रमाणपत्र खिशात घालून रस्त्याकडेच्या शाळेवरून विषारी वायू सोडत जाऊ शकते.

या नळीच्या पुढे, इंजिनाच्या तोंडाशी आणखी एक सेन्सर असतो. तो हवेचा दाब मोजतो. सिलिकॉनवर ताण पडला की त्याचा विद्युतरोध बदलतो, हा १९५४ साली चार्ल्स स्मिथ याने दाखवलेला गुणधर्म त्यात वापरतात. याच्यावर बसणारा मळ वेगळा : ईजीआरमधून आलेली काजळी आणि इंजिनातल्या तेलाची वाफ मिळून डांबरासारखा चिकट लगदा होतो. त्याने बारीक भोक बुजले की दाबातील बदल सेन्सरला उशिरा कळतो.

स्वच्छ कसे करावे, आणि का तसे

सेन्सरची रचना समजली की स्वच्छतेचे नियम पाठ करावे लागत नाहीत. पापुद्रा केसापेक्षाही पातळ असतो; म्हणून त्याला चिंधी, ब्रश, कापूस किंवा बोट लावायचे नाही. काँप्रेसरच्या हवेचा झोतही मारायचा नाही. पेट्रोल, रॉकेल किंवा कार्ब्युरेटरचा क्लीनर मागे अंश ठेवतात आणि प्लॅस्टिकलाही बाधतात. म्हणून हवामापकासाठी मिळणारा, पूर्ण उडून जाणारा फवाराच वापरायचा. इंजिन थंड आणि चावी बंद असावी, कारण तापलेल्या पट्टीवर गार द्रव पडणे धोक्याचे, आणि असे बरेचसे फवारे ज्वालाग्राही असतात. थोड्या अंतरावरून फवारा मारावा, मळ आपसूक ओघळू द्यावा आणि सेन्सर पूर्ण वाळल्यावरच बसवावा. रबरी कडे फाटलेले असेल तर बदलावे, नाहीतर तिथून न मोजलेली हवा आत शिरते. दाबाच्या सेन्सरचा चिकट लगदाही योग्य द्रावकाने मऊ करूनच काढावा, भोकात तार खुपसू नये. आणि मूळ कारण पाहावे : एअर फिल्टर फाटका किंवा सैल बसलेला असेल तर साफ केलेला सेन्सर पुन्हा मळणारच.

सेन्सर खरे बोलतो का, हे ताडून पाहण्याचे गणित विद्यार्थ्यांना करता येईल. समजा चार सिलिंडरांचे, टर्बो नसलेले, अडीच लीटरचे इंजिन आहे. एका सिलिंडरचे आकारमान ०.६२५ लीटर. पुण्यात २७ अंश तापमानाला एक लीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१ ग्रॅम. म्हणजे एका खेपेला जास्तीत जास्त सुमारे ६९० मिलिग्रॅम हवा आत येईल. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून आकडा थोडा कमी येतो. ईजीआर उघडी असेल तर बराच कमी. पण ती बंद असताना स्कॅनर ४५० दाखवू लागला, तर संशय घ्यायला जागा आहे. टर्बो असलेल्या इंजिनात हवा आधीच दाबून आत येते, तिथे दाबाचा आकडाही हिशोबात घ्यावा लागतो.

वर्गात करता येण्याजोगा एक प्रयोगही सुचवतो. दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांत सारखेच गरम पाणी घ्या. एका पेल्याला बाहेरून कोरड्या सुती कापडाचा थर गुंडाळा. दोन्ही पेले पंख्यापुढे ठेवून दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. मग त्या आकड्यांचे दोन रकाने, कापडाचा उल्लेख न करता, दुसऱ्या गटाला द्या आणि विचारा, 'कोणत्या पेल्यापुढचा पंखा हळू चालत होता?' ते आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देतील. पिकअपच्या संगणकाची हीच स्थिती असते. त्याचा तर्क बरोबर असतो, फक्त त्याला कापड दिसत नाही.

मिस्त्रींना उत्तर

मॅटॅडोर घाट चढत होती, हे खरे. तिला हवा मोजायची गरज नव्हती, हेही खरे. तिच्या मागे चालणाऱ्याच्या छातीत काय जाते, याचा हिशोब तेव्हा कोणी ठेवत नव्हते, एवढाच फरक. हवामापक आला तो त्या हिशोबासाठी. त्यामुळे गाडी ओढत नाही म्हणून ईजीआरला पत्र्याची चकती लावून ती कायमची बंद करणे, हा काही गॅरेजमधून चालणारा उपाय ड्रायव्हरला समाधान देतो, धूरही कमी दाखवतो, आणि खर्च मात्र रस्त्याकडेच्या माणसांवर टाकतो.

हे आम्ही मिस्त्रींना सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आधी आम्ही धूर बघून सांगायचो, आता धूर दिसत नाही म्हणून यानं सांगायचं." इतक्या नेमक्या शब्दांत आम्हालाही ते मांडता आले नसते. त्यांच्या फळीवर आता हवामापकाच्या फवाऱ्याचा एक डबा असतो, आणि सेन्सर काढला की शेजारी उभ्या असलेल्या पोऱ्याला ते पहिल्यांदा बजावतात, "हात लावू नको."